बाई, तुम्ही 'अनो' म्हणालात

बाई,

काल तुमच्या अस्थी सावडल्या. आमच्याकडे स्मशानात जाऊन राखेतून हातांनी वेचतात. इथे जपानमध्ये भट्टीतून लोखंडी ताट बाहेर येतं आणि जवळची माणसं लांब काड्यांनी एकेक हाड उचलून मडक्यात ठेवतात. एक हाड दोघांनी मिळून उचलायचं. माझ्यासमोर मोरी-सान होत्या, स्टेशनसमोर तुमच्याबरोबर दर शुक्रवारी निषेधाची पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या आज्यांमधल्या सर्वांत म्हाताऱ्या. तिथला कर्मचारी अदबीनं म्हणाला, "पायांपासून सुरुवात करा, म्हणजे मडक्यात त्या उभ्या राहतील." मोरी-सान रडता रडता हसल्या. "वेरा-सान तशाही कधी बसल्या नाहीत," म्हणाल्या.

तुमचं इथे रक्ताचं कुणी नव्हतं. दवाखान्यात भरती होताना जवळचा माणूस म्हणून तुम्ही माझं नाव दिलंत, त्यामुळे आता सगळे मलाच विचारतात. मडकं कुठे ठेवायचं, तुमची शिल्पाची हत्यारं कुणाला द्यायची, ही उत्तरं सोपी आहेत. एक उत्तर मात्र सोपं नाही, आणि ते उद्या द्यायचं आहे. नगर कार्यालयातल्या हायाशी-सान विचारणार, "दगडाबद्दल त्या शेवटी काय म्हणाल्या?" तुम्ही शेवटचं बोललात तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. तुम्ही 'अनो' म्हणालात. झोप येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो: बाई, तो शब्द कोणत्या भाषेतला होता?

आपली ओळख कचऱ्यामुळे झाली. त्सुकुबाच्या संशोधन संस्थेत काँक्रीटच्या तड्यांवर काम करायला मी आलो, आणि भाडं कमी म्हणून डोंगराच्या पायथ्याशी, दगड घडवणाऱ्यांच्या तुमच्या गावात घर घेतलं. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष दारात उभे. हातात कचऱ्याची पारदर्शक पिशवी आणि पिशवीत माणसाचा हात, मनगटापर्यंत.

"दत्ता-सान, हा हात जळाऊ कचऱ्यात होता."

मी वाकून पाहिलं. मग दिसलं, हात प्लास्टरचा होता.

"वेरा-सानचा आहे. त्यांना सांगा, हात जळाऊ नाही. तुम्ही दोघंही परदेशी, तुम्हाला एकमेकांची भाषा येत असेल."

मी पिशवी घेऊन तुमच्या आवारात आलो. पांढरे केस, अंगभर दगडाची भुकटी, हातात छिन्नी. तोंडातून आपसूक निघालं, "बाई…" आमच्या शाळेत शिकवणारी स्त्री म्हणजे बाई. तसा चेहरा दिसला की मला दुसरं संबोधन सुचत नाही. तुम्ही छिन्नी खाली ठेवलीत.

"आत्ता तर आलास. लगेच बाय?"

मी अर्थ समजावला. निघताना सवयीनं "येतो" म्हणालो, त्याचाही अर्थ विचारलात. मग तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. "म्हणजे तुम्ही लोक येताना बाय म्हणता आणि जाताना येतो म्हणता. तुमच्याशी तह करायचा तरी कसा?"

माझी जपानी पाठ्यपुस्तकातली, तुमची खाणीतल्या पुरुषांकडून शिकलेली. तुम्ही कार्यालयात बोलायला लागलात की बायका माना खाली घालून हसायच्या. मला तुम्ही 'दत्तो' म्हणायचात. मला वाटायचं, उच्चार चुकतो. एकदा सांगितलंत की तुमच्या चेक भाषेत हाक मारताना नावाचा शेवट बदलतो. त्यात आमचे आजोबा मला 'दत्तोबा' म्हणत. त्यांच्यानंतर या हाकेच्या इतकं जवळ कुणी आलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमच्या तरुणपणाबद्दल तुम्ही फार बोलत नव्हतात. थंडीत बोटं आखडली की छिन्नी ठेवून रंग काढायचात, आणि दर हिवाळ्यात एकच चित्र करायचात: रस्त्यावरची दिशा दाखवणारी पाटी, पण कोरी. माझ्या मुलीनं, ईरानं विचारलं, "यावर काहीच लिहिलेलं नाही?" तेव्हा तिला सांगितलंत की तुम्ही प्रागमध्ये शिल्पकला शिकत असताना शहरात परक्या देशाचे रणगाडे आले, आणि सैनिकांना वाट सापडू नये म्हणून लोकांनी रस्तोरस्तीच्या पाट्या रंगवून टाकल्या. तुम्हीही रंगवल्या. "माझं सगळ्यात चांगलं रंगकाम तेच," म्हणालात. ईरानं विचारलं, "मग सैनिक हरवले?" "थोडा वेळ," तुम्ही म्हणालात. "थोडा वेळसुद्धा पुष्कळ असतो."

पुढे तुम्हाला त्या कलाशाळेतून काढलं. ते मला बऱ्याच उशिरा कळलं, आपलं दुसरं भांडण झालं तेव्हा.

आपलं पहिलं भांडण म्हणीवरून झालं. आमच्या हायस्कुलाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही. तुम्ही शिल्पकार, तुम्हाला आवडेल म्हणून मी मोठ्या हौसेनं अर्थ सांगितला. तुम्ही विचारलंत, "हे कोण म्हणतं? दगड, की टाकी धरणारा?"

"म्हण आहे बाई. सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे टाकीवाले. दगडाला विचारलंस?"

मी चिडलो. ती म्हण मी स्वतःची समजत होतो. आमचं गाव माझ्या जन्माआधी धरणात गेलं. आजोबा देवळाच्या पायरीवर बसून राहिले, शेवटी पोलिसांनी उचलून ट्रकमध्ये ठेवलं. नवी वसाहत माळावर वसली, पण तिथून हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. वडिलांना धरणावर चौकीदाराची नोकरी मिळाली. मी भिंतीवरून चालत जाऊन त्यांना डबा द्यायचो आणि तो काँक्रीटचा डोंगर पाहून मला अभिमान वाटायचा. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या धरणामुळे. काँक्रीट शिकलो, तेही त्याच्यामुळे. हे सगळं तुम्हाला सांगितलं आणि म्हणालो, "घाव बसले म्हणून मी इथे आहे. नाहीतर गुरं वळत असतो."

"असतास. आणि वाईट वळली असतीस, कविता करत. पण मी तुझ्याबद्दल विचारत नाहीये. आजोबा काय म्हणायचे?"

मी सांगितलं. वसाहतीच्या कमानीवर 'स्थलांतरित गाव' असं लिहिलं आहे. आजोबा तिच्याखालून जाताना दर वेळी म्हणत, "आम्ही उठलो नाही, आम्हाला उठवलं." तुम्ही मला ते दोन शब्द मराठीत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलेत. उठलो. उठवलं. कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "तो मधला 'व' ऐकलास? तो पोलीस आहे."

इतकी वर्षं व्याकरण शिकलो, पण प्रयोजक क्रियापदाची अशी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. मला ती आवडली नाही. अजूनही पूर्ण आवडत नाही. बाई, ज्या गोष्टीनं आजोबांना तोडलं, तिनंच मला घडवलं असेल तर मी आभार कुणाचे मानू? तुम्ही म्हणायचात, "वडिलांचे मान. डबा नेणाऱ्या मुलाचे मान. भिंतीचे कशाला?" उत्तर चलाख आहे, पण माझं समाधान झालं नाही. विषय तसाच राहिला.

मग तुम्ही तो दगड हाती घेतलात. युद्धाच्या काळात समुद्रापलीकडून मजूर आणून पलीकडच्या डोंगरातल्या खाणीत राबवले गेले, त्यांच्यातले कित्येक परत गेले नाहीत. गावात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही इथल्याच पांढऱ्या ग्रॅनाइटमध्ये एकमेकांना टेकून बसलेल्या माणसांच्या पाठी कोरल्यात. नुसत्या पाठी. मी विचारलं, "चेहरे?" तुम्ही म्हणालात, "मी पाहिलेत का? मग खोटे कशाला कोरू?" खाली एकच ओळ यायची होती, जपानीत आणि त्या मजुरांच्या भाषेत: येथे आणलेल्या माणसांना.

शुक्रवारी स्टेशनसमोर तुम्ही आणि आज्या त्याच मजुरांच्या नावानं पाटी धरून उभ्या राहायचात. मी थर्मासमधून चहा आणायचो आणि पेयांच्या मशीनशेजारी थांबायचो. माझी नोकरी करारावरची, दर वर्षी नवी सही लागते. तुम्ही एकदा ओरडून विचारलंत, "दत्तो, तू माझ्याबरोबर उभा आहेस की मशीनबरोबर?" "मशीनबरोबर, बाई. ते गरम आहे." सगळ्या आज्या हसल्या. तुम्हीही हसलात, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

कार्यालयानं दगडाला जागा दिली तेव्हा मला फार आनंद झाला. जुन्या रेल्वेमार्गावर जो सायकलचा रस्ता केलाय, त्याच्या कडेला चेरीच्या झाडाखाली. अट एकच होती. हायाशी-सान चांगल्या आहेत, बाई. त्यांनी त्या ओळीसाठी वरच्यांशी खरोखर भांडण केलं असणार. त्या म्हणाल्या, "'आणलेल्या'ऐवजी 'आलेल्या' करू या का? मग त्यात सगळेच येतील. वेरा-सान, तुम्हीही. दत्ता-सानसुद्धा." मार्चअखेरीच्या आत होकार हवा, नंतर तरतूद राहणार नाही.

मी घरी येऊन ते शब्द मराठीत लिहून पाहिले. आलेल्या. आणलेल्या. एका 'ण'चा फरक. तुम्हाला दाखवलं. तुम्ही 'ण'वर बोट ठेवलंत. "यात कोण बसलंय, तुला माहीत आहे."

"माहीत आहे, बाई. पण दगड उभा तर राहू दे. लोक थांबतील, विचारतील. शब्द पुढेमागे बदलता येईल."

"ग्रॅनाइटमध्ये?"

"नाहीतर तुमच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहील. मग कुणासाठी कोरलात?"

तुम्ही कागद परत दिलात. मग एक हकिगत सांगितलीत. शाळेतून काढल्यावर तुम्हाला थडगी करणाऱ्या कारखान्यात नावं कोरायचं काम मिळालं होतं. तिथे तुमच्याच मित्राचा दगड आला. पोलिसांच्या ताब्यात असताना तो गेला होता. त्याच्या आईला हवं होतं, 'मारला गेला'. कारखान्यातला साहेब म्हणाला, 'मरण पावला' लिहा, नाहीतर दगड बसवू देणार नाही. आईनं तुमच्याकडे पाहिलं. साहेबानं विचारलं, "समजलं?"

"आणि मी म्हणाले, अनो," तुम्ही सांगितलंत. "आमच्या भाषेत 'हो'. माझं अक्षर सुंदर होतं. तो दगड अजून उभा आहे, दत्तो, माझ्या सुंदर अक्षरात खोटं बोलत."

मी तरीही म्हणालो, "पण त्याच्या आईला फुलं ठेवायला जागा मिळाली." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. "हो," म्हणालात. "ती दर रविवारी यायची. म्हणून तर मला आजही कळत नाही."

हे तुमचं वाक्य मला आठवतं, बाई. तुमच्या आज्यांना वाटतं, तुम्ही कधी डगमगला नाहीत. मी तुम्हाला डगमगताना पाहिलंय. म्हणूनच हा प्रश्न माझ्यापुढे आहे.

दवाखान्यात तुमची जपानी आधी गेली. नर्सनं "दुखतंय का?" विचारलं की तुम्ही चेकमध्ये उत्तर द्यायचात आणि ती माझ्याकडे बघायची, जणू सगळ्या परदेशी लोकांची भाषा एकच. कधी मध्येच एखादा जपानी शब्द यायचा, पाणी, थंडी, दगड. त्या दुपारी खिडकीतून डोंगराची दोन्ही शिखरं स्वच्छ दिसत होती. मी उशी नीट केली आणि विचारलं, "बाई, हायाशी-सानला 'हो' कळवू का?"

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत, ओळखलंत. आणि म्हणालात, "अनो."

मग डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

चेकमध्ये असेल तर तो 'हो' आहे. जपानीत असेल तर काहीच नाही. इथे माणूस बोलायला सुरुवात करताना, अडखळताना, नकार कसा द्यावा हे सुचत नसताना 'अनो…' म्हणतो. आपलं 'म्हणजे, त्याचं असं आहे…' तसं. तुम्ही शेवटचं अक्षर लांबवलंत का, हे मी आठवून पाहतो. जितकं आठवतो तितकं ते कधी लांबतं, कधी तुटतं. मी प्रश्न जपानीत विचारला होता. पण तुमच्याजवळ जपानी उरली कुठे होती? आणि हो असेल, तर तो कुठला हो? मित्राच्या दगडाच्या वेळचा, दमलेल्या माणसाचा? की मला खूश करण्यासाठी, कारण मी इतका मागे लागलो होतो? की खरंच तुम्हाला पटलं होतं, त्या रविवारी येणाऱ्या आईसाठी?

मी उद्या नुसतं "हो म्हणाल्या" एवढं सांगितलं तर कुणी शंका घेणार नाही. खोटंही ठरणार नाही कदाचित. दगड चेरीखाली उभा राहील.

*

हे काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज जाऊन आलो.

सकाळी ईरा शाळेत निघाली होती. बुटात पाय घालता घालता म्हणाली, "अनो ने, बाबा." इथली मुलं सगळं असंच सुरू करतात. मी हातातली पिशवी ठेवली आणि थांबलो, ती पुढे काय म्हणते म्हणून. तिला बूट चढेना. मी वाट पाहत उभा राहिलो. 'अनो' म्हटल्यावर ऐकणारा थांबतो, हे इतकी वर्षं मी रोज करत होतो. शेवटी बूट चढला तेव्हा ती म्हणाली, "विसरले. आल्यावर सांगते."

कार्यालयात हायाशी-सान उठून वाकल्या, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलल्या, डोळे पुसले. मग पेन हातात घेतलं. "अशा वेळी विचारणं बरं नाही. पण वेरा-सान शेवटी काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "अनो."

त्या थांबल्या. मान जराशी कलती करून, पेन धरून, पुढच्या वाक्याची वाट पाहत. फार सभ्य बाई आहेत, घाई केली नाही. खोलीत फक्त हीटरचा आवाज होता. तुमचा शब्द त्यांच्यापुढे जसाच्या तसा ठेवलाय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, मी अडखळतोय.

"हो, सांगा ना," त्या हळूच म्हणाल्या.

"एवढंच म्हणाल्या. पुढचं राहिलं."

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी पेन ठेवलं. मी म्हणालो, "त्यांच्या भाषेत हा 'हो' असेलही, पण तुमच्या भाषेत त्यांचं वाक्य अजून सुरूच आहे. ते पूर्ण करायचा अधिकार मला नाही. ओळ होती तशी घेणार असाल तर दगड द्यायला मी तयार आहे." त्या म्हणाल्या, ते होणार नाही, निदान या वर्षी नाही. मार्च संपला की फाइल बंद होईल. मी म्हणालो, "ठीक आहे." माझा आवाज काही ठाम नव्हता, बाई. तुम्ही असतात तर हसला असतात. पण या वेळी शेजारी मशीन नव्हतं.

दारापर्यंत सोडायला त्या आल्या. म्हणाल्या, "दत्ता-सान, समजा त्या 'हो'च म्हणाल्या असतील तर?"

तर मी तुमची शेवटची इच्छा मोडली. घरी येईपर्यंत सायकलवर हेच डोक्यात होतं, आणि ते तसंच राहणार. त्याला मी काही करू शकत नाही. सुटीत गावी गेलो की त्या कमानीपाशी थांबेन म्हणतो. आजोबांचं वाक्य आईवडिलांसमोर मोठ्यानं म्हणून पाहीन. वडील अजून धरणाबद्दल वाईट शब्द ऐकून घेत नाहीत. त्यांच्यापुढे ते म्हणता येईल का, माहीत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तुमच्या आवारात गेलो. फाटक ढकललं आणि सवयीनं तोंडातून निघालं, "बाई…" कुणी टोकलं नाही. ताडपत्रीची दोरी सुटली होती, वाऱ्यानं एक कोपरा उडाला होता. पाठी उघड्या पडल्या होत्या, थंडगार, एकमेकींना टेकून. खालची ओळीची जागा तुम्ही गुळगुळीत करून ठेवली आहे, कोरी. मी त्यावर हात फिरवला. मग ताडपत्री ओढली, दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारली, फाटक लावलं.

बाई, येतो.